यांच्या आजाराची वही

वहीच्या पहिल्या पानावरची नोंद अशी आहे : ११ फेब्रुवारी २०२२. पहाटे ५.४०. डेअरीवर. पावत्या चुकीच्या लिहिल्या. दरदरून घाम. मला ओळखलं नाही. चहा, चार बिस्किटं. वीस मिनिटांत ठीक. नंतर विचारलं तर काहीच आठवत नाही.

वही म्हणजे मुलांची असते तशी शंभर पानी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हजेरी मांडायची हाताला सवय, म्हणून लिहीत गेले. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे तारीख असावी, एवढाच हेतू होता. कारण गावात कुजबुज सुरू झाली होती.

आम्ही वाळवा तालुक्यातले. हे, म्हणजे माझे यजमान, गावातलं दूध संकलन केंद्र सांभाळतात. चार वाजता उठायचं, साडेचारला कुलूप काढायचं, साडेसातपर्यंत लोकांचं दूध घ्यायचं, फॅट काढायची, पावती द्यायची, कॅन गाडीत चढवायचे आणि मग घरी येऊन पहिला घास. पंधरा वर्षांत यांच्या पावतीत चूक निघाली नव्हती. त्या फेब्रुवारीपासून निघायला लागली. म्हशीचं दूध गाईच्या खात्यावर, सहा लिटरचे सोळा लिटर. कधी फॅटचं भांडं हातात धरून नुसतेच उभे. कुणी हटकलं तर अंगावर ओरडायचे, आणि हा माणूस आवाज चढवून बोलणाऱ्यातला नव्हे. "सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं," असं एक जण माझ्यासमोर म्हणाला. यांच्या गळ्यात वडिलांनी घातलेली तुळशीची माळ आहे. ते वाक्य मला लागलं ते अजून लागतंय.

एप्रिलमध्ये पहाटे अंथरुणातच पहिली फिट आली. दातखीळ, हातपाय ताठ, तोंडाला फेस. धाकट्या दिरांनी गाडी काढली. गाडीत जरा शुद्ध आली तेव्हा कुणीतरी साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात पोचताच सलाइन लागलं. मग रक्त काढलं, मेंदूचा एमआरआय झाला, मेंदूच्या लहरींचा ईईजी झाला. साखर ९२. सगळं नॉर्मल. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांचा मला राग नाही, मी त्यांचं नावही काढत नाही. फिट आली होती, म्हणून फिटच्या गोळ्या दिल्या. पण त्या गोळ्या वर्षभर चालल्या, डोस दोनदा वाढला, आणि माझ्या वहीतल्या नोंदी काही कमी होईनात.

आज मागे वळून बघताना एकच गोष्ट डोक्यात घर करून बसते. दर वेळी यांचं रक्त तपासलं गेलं ते आम्ही साखर पाजल्यानंतर, नाहीतर सलाइन लागल्यानंतर. फिट येऊन गेली की शरीर स्वतःहूनही साखर वर ओढतं. म्हणजे चोर पळून गेल्यावर आम्ही दर वेळी पंचनामा करत होतो.

या वर्षभरात यांचं वजन चौसष्टवरून एकोणऐंशीवर गेलं. माणूस आजारी असला की वाळतो, हे तर भरत चाललेत, मग आजार कसला, असं सगळे म्हणायचे. यांना आपलं आपल्यालाच कळलं होतं की खाल्लं की बरं वाटतं. खिशात गुळाचा खडा, गाडीच्या डिकीत शेंगदाण्याची चिक्की. रात्री उठून डब्यातले लाडू खायचे. मी रागवायचे. आता त्याची लाज वाटते, कारण तो माणूस दर रात्री स्वतःचा जीव स्वतः वाचवत होता.

२०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. दशमीला हे संध्याकाळीच जेवले. एकादशीला पहाटे नुसत्या पाण्यावर डेअरीत गेले, विठ्ठलाचं दर्शन घेऊन मगच फराळ करायचा म्हणून. साडेआठला पोरगा पळत आला. हे कॅनला पाठ लावून जमिनीवर बसले होते. शर्ट पिळून निघेल इतका घाम, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. शेजारच्या काकूंना मधुमेह आहे. त्यांनी घरातून साखर मोजायचं मशीन आणलं. मी म्हटलं, काकू, यांना शुगर नाही. त्या म्हणाल्या, "बघायला काय जातंय?" बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब लावला. पाच सेकंद. ३१.

काकूंना वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या बोटाचं घेतलं. २९.

गुळाचं पाणी तोंडात ओतायला कुणीतरी पुढे झालं होतं, पण दातखीळ बसलेली. आरोग्य केंद्रातले डॉक्टर तेवढ्यात मोटारसायकलवर आले आणि त्यांनी आधी ते भांडं बाजूला केलं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते थेट श्वासनलिकेत जातं, म्हणाले. त्यांनी शिरेतून २५ टक्क्यांचं ग्लुकोज दिलं. सिरिंज अजून संपली नव्हती, तोवर यांनी डोळे उघडले, भोवतीची गर्दी बघितली आणि विचारलं, "गाडी आली का? कॅन भरले?"

दीड वर्ष जे कुणाला दिसलं नव्हतं ते काकूंच्या मशीनने दाखवलं.

जुलैमध्ये मिरजेला एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी फायली बाजूला सारल्या आणि वही मागितली. पंधरा मिनिटं वाचत होते. मग लाल पेनाने मोजायला लागले : तेवीस नोंदी, त्यातल्या एकोणीस सकाळी नऊच्या आत. उरलेल्या चार कधी, तर जेवण लांबलं त्या दिवशी, नाहीतर उसाला पाणी पाजायला गेल्यावर. जेवणानंतर दोन तासांच्या आत एकही नाही. "मॅडम, निम्मं निदान तुम्हीच केलंय," म्हणाले. मग समजावून सांगितलं. ॲलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जननी १९३०च्या दशकात तीन खुणा सांगून ठेवल्यात. उपाशीपोटी त्रास होणं, त्याच वेळी रक्तातली साखर खाली गेलेली असणं आणि साखर दिल्यावर त्रास जाणं. तिन्ही जुळल्या की शरीरात कुठेतरी साखर उतरवणारं इन्सुलिन नको तेव्हा तयार होतंय का, ते शोधायचं. आपण उपाशी असलो की इन्सुलिन आपोआप थांबतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ झाली तर ती थांबत नाही. पोटात अन्न असो नसो, ती इन्सुलिन सोडत राहते. तिला इन्सुलिनोमा म्हणतात. वर्षाला दहा लाखांत एक ते चार माणसांना होते. म्हणून ती कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही.

आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "घरात कुणाला मधुमेह आहे? गोळ्या चालू आहेत?"

आहे. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ग्लिमेपिराइडची गोळी रोज सकाळी मीच काढून द्यायची. स्ट्रिप स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असायची.

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि यांच्याशी एकट्याशी बोलले. नंतर यांना बाहेर पाठवून माझ्याशी. घरात काही ताणतणाव? दोघांत भांडण? स्वर अगदी साधा होता, पण माझ्या कानात घण पडल्यासारखं झालं. हा माणूस विचारतोय की मी माझ्या नवऱ्याला गोळ्या घालते का.

हे विचारणं का भाग होतं, ते मला पुढे मुंबईत एका निवासी डॉक्टरताईंनी कागदावर काढून दाखवलं. शरीर आधी एक लांब साखळी बनवतं. ती तुटली की एक तुकडा इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा, दोन्हींची संख्या सारखीच. कुणी बाहेरून इन्सुलिन टोचलं असेल तर रक्तात इन्सुलिन भरपूर सापडतं, पण सी-पेप्टाइड नाही. सी-पेप्टाइडही जास्त असेल तर ते स्वतःच्या स्वादुपिंडातून आलेलं. पण मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडालाच पिळून इन्सुलिन काढतात, तेव्हा रक्ताचं चित्र हुबेहूब गाठीसारखंच दिसतं. गाठ समजून पोट उघडावं आणि आत काहीच निघू नये, असं होऊ शकतं. म्हणून त्या गोळ्यांचा अंश रक्तात आहे का, हे तपासावंच लागतं. कधी चुकून दुसऱ्याची गोळी घेतली जाते, कधी औषधाच्या दुकानात चूक होते, आणि कधी कुणीतरी खरंच देतं.

मला हे आज पटतं. पण त्या दिवशी मिरजेहून परत येताना मी बसच्या खिडकीला डोकं टेकून रडत होते. हे काही बोलले नाहीत, त्यांनी माझा हात धरून ठेवला. गावात गोष्ट पसरायला दोन दिवस लागले. नात्यातल्या एका बाईंनी माझ्या दारात उभं राहून विचारलं, "गोळी रोज तूच देतीस न्हवं?" त्या दिवसापासून मी त्या स्ट्रिपला हात लावायचं सोडलं. आत्यांना म्हटलं, तुमच्या गोळ्या तुमच्या ट्रंकेत ठेवा, कुलूप लावा, किल्ली कनवटीला. आत्या खूप बोलल्या. "माझा जीव हाय का तुझ्यावर न्हाई, ह्ये मला लोकांनी सांगायचं व्हय?" पण मी ऐकलं नाही. त्यांनी ट्रंकेत ठेवल्या. स्वतः रंगावरून ओळखून घ्यायच्या, कधी विसरायच्या.

सप्टेंबरमध्ये, गणपती बसायच्या आधी, मुंबईला निघालो. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर धावते, आणि आमची भीती नेमकी रात्रीचीच. गजर दोनचा लावला होता. सगळा डबा झोपलेला, मी मोबाइलच्या उजेडात यांना दूध-केळं भरवते आहे आणि वरच्या बर्थवरचे आजोबा वाकून बघताहेत. त्यांनी काही विचारलं नाही. सकाळी दादरला उतरताना त्यांनी आमची पिशवी खाली काढून दिली.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ग्रंथींच्या आजारांचा वेगळा विभाग होता. तिथे यांना दाखल केलं, उपाशी ठेवायला. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या आजाराची मुख्य तपासणी तीच : जास्तीत जास्त ७२ तास उपवास. पाणी चालतं, साखर नसलेला कोरा चहा चालतो. हाताला सुई आधीच लावून ठेवतात, ग्लुकोजची सिरिंज उशाशी तयार. ठरावीक वेळाने साखर मोजायची आणि ती खाली जाईल, माणूस गडबडेल, त्याच क्षणी रक्त काढायचं. दीड वर्षं आम्ही जो क्षण चुकवत आलो होतो, त्याची इथे वाट बघत बसायचं.

रात्री आठला जेवण झालं. बारा वाजता साखर ७१. चार वाजता ५८. त्या डॉक्टरताई खुर्ची ओढून आमच्याजवळच बसल्या. दर थोड्या वेळाने यांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगत होत्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, यांचं गणित मुळातच पक्कं. साडेनऊला ४९, तरी उत्तरं बरोबर. मला वाटलं आज काही होणार नाही, आणि आपण माणूस पडायची वाट बघतोय याचं पोटात कालवत होतं. दहाला ताईंनी विचारलं, "काका, त्र्याण्णवातून सात गेले?" हे हसले. मग म्हणाले, "पावती कुणाच्या नावानं फाडू?"

ताई उठल्या. पाठोपाठ तपासणीच्या चार छोट्या बाटल्या रक्त. ग्लुकोजसाठी करड्या झाकणाची, इन्सुलिन-सी-पेप्टाइडची वेगळी, गोळ्यांच्या तपासणीची वेगळी. मी बघत होते आणि यांच्या कपाळावरून घाम माझ्या हातावर पडत होता. तेवढ्यातही त्यांनी घाई करून ग्लुकोज दिलं नाही. आधी यकृतातली साखर बाहेर काढणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन तिथे साखरेचा साठा शिल्लक आहे का ते पाहिलं. होता. इन्सुलिनने त्याला कुलूप घातलं होतं. मग जेवण आणलं. चौदा तासांत तपासणी संपली. बहुतेकांची ४८ तासांच्या आत संपते, म्हणाल्या.

प्रयोगशाळेतली साखर ३८. एवढ्या खाली गेल्यावर इन्सुलिन जवळपास नाहीसं व्हायला हवं. यांचं १८ होतं, सी-पेप्टाइड ३.१. मेंदूला साखर मिळाली नाही तर शरीर चरबीतून कीटोन बनवून देतं, पण इन्सुलिन तेही करू देत नाही, त्यामुळे तेही नव्हते. मेंदू दोन्हीकडून उपाशी. गोळ्यांचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. एकही अंश नाही. तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे.

आता गाठ शोधायची. सांगलीत आधी एक सीटी झालेला होता, त्यात काही नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी तो बघून सांगितलं की ही गाठ रक्ताने भरलेली असते. शिरेतून औषध सोडल्यावर धमन्यांत ते पोचतं त्या काही सेकंदांतच ती उजळून दिसते, मग आजूबाजूच्या स्वादुपिंडात मिसळून जाते. फोटो त्या सेकंदांत काढायला हवा. तसा तीन टप्प्यांचा सीटी काढला. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी काहीतरी आहे, पण नक्की नाही, असं निघालं. तेवढ्यावर सर्जन पोट उघडत नाहीत.

मग एक पेट स्कॅन. त्याची गोष्ट मी पुढे चौथीच्या वर्गात सांगितली आणि पोरं डोळे विस्फारून ऐकत राहिली. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या लाळेत एक पदार्थ सापडला, एक्सेंडिन. तो इन्सुलिनच्या पेशींना जाऊन चिकटतो, आणि या गाठीवर चिकटायच्या जागा भरपूर. प्रयोगशाळेत बनवलेल्या तशाच पदार्थाला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडतात आणि शिरेतून सोडतात. गॅलियमचं आयुष्य इतकं थोडं की ६८ मिनिटांत निम्मं संपतं, म्हणून ते लांबून मागवून साठवता येत नाही. औषध तयार झालं की माणूस टेबलावर हजर पाहिजे. त्याने साखर आणखी उतरते, म्हणून ग्लुकोज चालू ठेवूनच केलं. पडद्यावर काळी-करडी माणसाची आकृती, दोन मूत्रपिंडं ठळक, आणि त्यांच्या मधल्या बाजूला एक ठिपका.

ठिपका कुठे आहे हे कळलं, पण सर्जनना आणखी एक गोष्ट हवी होती. तोंडातून दुर्बीण जठरात आणि आतड्यात नेऊन तिच्या टोकाने सोनोग्राफी केली. गाठ चौदा मिलिमीटर, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेपासून चार मिलिमीटर दूर. या चार मिलिमीटरांवर सगळं ठरणार होतं. गाठ नलिकेला खेटून असती तर स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, सगळं काढून पुन्हा जोडायचं मोठं ऑपरेशन. त्यालाही त्याच व्हिपल यांचं नाव आहे. अंतर असलं तर नुसती गाठ सोलून काढता येते, शेंगेतून दाणा काढावा तशी.

याच सुमारास एका कागदावर 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हे शब्द आले. पुतण्याने फोनवर शोधलं आणि घरात शांतता पसरली. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलेला आजार याच जातीचा, आणि २०२०च्या एप्रिलमध्ये ते गेले. नातेवाईक भेटायला यायला लागले, सावडायला यावं तसे, हळू आवाजात. मी सर्जनना सरळच विचारलं. त्यांनी खुर्चीवर बसून, घाई न करता सांगितलं. नाव एकच असलं तरी हे मोठं कुटुंब आहे. आपण ज्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणून घाबरतो तो नलिकेच्या पेशींचा, तो वेगळा. ही इन्सुलिनच्या पेशींची गाठ. दहातल्या नऊ पसरणाऱ्या नसतात, काढल्या की माणूस मोकळा. दहावी असू शकते, म्हणून काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही. ते 'शब्द देणार नाही' ऐकूनच मला धीर आला. मग कॅल्शियम, पॅराथायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासलं, घराण्यात कुणाला वारंवार मुतखडे होतात का विचारलं, कारण काही घराण्यांत हा आजार तीन-तीन ग्रंथींना मिळून होतो आणि पिढीत उतरतो. माझ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत मी ते रिपोर्ट उघडले. नॉर्मल.

ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. मधले दोन महिने घरी कसे काढले, ते वहीत आहे. रात्री नऊला जेवण, अकराला गार दुधात कच्चं कॉर्नफ्लॉवर, कारण ते सावकाश पचतं आणि साखर हळूहळू सोडत राहतं. दोनला गजर, खाणं, बोट टोचून साखर. साडेचारला पुन्हा. डेअरी दिरांनी चालवली. मोटारसायकलची किल्ली मी लपवून ठेवली होती. एक म्हैस विकली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झालं, पण मी त्या रात्री मांडलेल्या हिशेबाच्या वहीशेजारी ही वहीही ठेवली होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या डॉक्टरताई भेटायला आल्या. माझ्या हातातली वही बघून म्हणाल्या, शिक्षिका आहात ना, मग एक सांगते. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लॅंगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वादुपिंडात पेशींची छोटी बेटं बघितली, ती कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं. टोरांटोत १९२१-२२ मध्ये त्या बेटांतलं इन्सुलिन हाती लागलं. आणि त्याच टोरांटोत १९२९ मध्ये रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. तेव्हा ना स्कॅन, ना दुर्बीण. पोट उघडून बोटांनी चाचपत शोधायची. "काकांची तर आपल्याला जागासुद्धा माहितीय," म्हणाल्या. त्या रात्री मी तेवढं एकच वाक्य घोळवत बसले होते.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. पोट उघडल्यावरही सोनोग्राफी थेट स्वादुपिंडावर ठेवून पुन्हा नलिका आणि गाठ बघितली, दुसरी कुठे लपली नाही ना तेही. बाहेर आम्हाला काही कळत नव्हतं. मग सर्जन स्वतः आले आणि पहिलं काय सांगितलं, तर आकडे. गाठ काढण्याआधी साखर ७४, ग्लुकोज थांबवलेलं. काढल्यावर तासाभरात १३८. मी भिंतीला टेकले. दोन वर्षांत मी यांचे इतके आकडे लिहिले होते, पण खाल्ल्याशिवाय वर गेलेला हा पहिलाच.

रात्री तो २१० झाला. आत्या घाबरल्या, "आता ह्येला माझा रोग लागला का काय!" इतके दिवस त्या गाठीच्या जोरावर चाललेल्या बाकीच्या चांगल्या पेशी निजलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यात साखर जाग्यावर आली.

पण सगळं सरळ झालं नाही. पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पाणी थांबेना. त्यात स्वादुपिंडाचा रस होता, त्याची खूण असलेलं अमायलेज हजारांत. गाठ सोलून काढली की त्या जागेतून असा रस पाझरण्याची शक्यता असते, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं, आणि बहुतेक वेळा तो आपोआप थांबतो हेही. नळीसकट घरी आलो. तो रस अन्न पचवणारा, कातडीला लागला तर कातडीच सोलवटतो. रोज ड्रेसिंग, झिंकचं मलम, आणि वहीत नवा रकाना. १२० मिली, ११०, १३०, ९०, एक दिवस ताप आला तेव्हा पुन्हा मुंबईला धाव, अँटिबायोटिक, परत घरी. ६०. २५. ५. पस्तिसाव्या दिवशी नळी निघाली. ऑपरेशनपेक्षा हे पस्तीस दिवस मला जड गेले. ऑपरेशन दुसऱ्याच्या हातात होतं, नळी माझ्या हातात होती.

गाठीचा रिपोर्ट नळी असतानाच आला. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १. पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारा केआय-६७ एक टक्का, तीनच्या खाली असला की सगळ्यात सौम्य पायरी. केमो नाही, काही नाही. वर्षातून एकदा तपासणी. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या.

नळीच्या दिवसांत अंथरुणावर पडल्या पडल्या यांनी पहिल्यांदा ती वही वाचली. त्यांना त्या दोन वर्षांतलं फारसं आठवतच नाही. जे झालं ते मी बघितलं, मुलाने बघितलं, गावाने बघितलं, फक्त यांनीच बघितलं नव्हतं. दुपारभर पानं उलटत होते. एका पानावर थांबले. १७ ऑक्टोबर २०२२, मुलाला ढकललं, तो दाराच्या कडेवर पडला. "हे मी केलं?" मी म्हटलं, तुम्ही नाही, साखरेने. संध्याकाळी मुलगा शाळेतून आला तेव्हा यांनी त्याला जवळ बसवून भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवलं. दोघंही काही बोलले नाहीत. पोरगा नळीच्या पिशवीवरचा आकडा वाचून मला ओरडून सांगायला लागला, "आई, पंचवीस!"

फेब्रुवारीत हे पुन्हा डेअरीवर जायला लागले. पहिले काही दिवस मी मागोमाग जायचे, मशीन घेऊन. पहाटे पाच, पोटात फक्त पाणी, साखर ८८. ९१. ८६. काकूंना मी पट्ट्यांचा नवा डबा आणून दिला, त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, ठेव डेअरीतच, कुणाला लागला तर.

एक दिवस सकाळी मी शाळेच्या गडबडीत भाकरी थापत होते. आत्या ट्रंकेपाशी बसल्या होत्या, किल्लीचा आवाज आला. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि गोळ्यांची स्ट्रिप मिठाच्या बरणीशेजारी फळीवर ठेवली. मी बघितलं, काही बोलले नाही. हात पिठाचे होते.

"बघत काय हायस," आत्या पाटावर बसत म्हणाल्या, "माझी गोळी दे की."